खेळाडू गेला, तरी कॅपवरचा आकडा का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत सेंट पॉलला नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या ऑफिसात मिनेसोटा वाइल्ड या तिथल्या बर्फावरच्या हॉकी संघाच्या चाहत्यांचे दोन तट पडले आहेत. वाद आहे तो संघाने सोडून दिलेल्या दोन खेळाडूंचा आकडा संघाच्या पगारमर्यादेत पुढेही मोजला गेला, याचा. एका गटाचं म्हणणं, झॅक पारीझे आणि रायन सूटर या दोन खेळाडूंना तेरा-तेरा वर्षांचे करार देणं हाच मूर्खपणा होता, आणि त्याची शिक्षा झाली ते बरं झालं. दुसरा गट म्हणतो, करार लीगनेच मंजूर केले होते, मग दंड कसला? प्रश्नकर्त्यांना आयपीएलच्या लिलावाचे आकडे तोंडपाठ आहेत. त्यामुळे सोडून दिलेल्या खेळाडूचे पैसे संघाच्या पर्समध्ये परत का येत नाहीत, हे त्यांना कळेना.

टोरंटोत खेळाडूंच्या एजंटांसाठी कराराची आकडेमोड करणं हे माझं बरीच वर्षं काम आहे. म्हणजे माझा कल थोडा खेळाडूंच्या बाजूला असणार, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

आयपीएलचा हिशोब आधी बाजूला ठेवा. तिथे संघाने खेळाडू सोडला की त्याची रक्कम पुढच्या लिलावासाठी मोकळी होते आणि विषय मिटतो. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये, करार हमीचा असतो. आठ वर्षांचा करार केला तर आठ वर्षांचं देणं लागतं. खेळाडू वाईट खेळला, प्रशिक्षकाशी त्याचं पटलं नाही, संघ बदलला, तरी तो शब्द मागे घेता येत नाही. बायआउट म्हणजे करार गुंडाळण्याची परवानगी आहे, पण त्याची किंमत ठरलेली आहे आणि ती कॅपवर, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाच्या कमाल मर्यादेत, लिहिली जाते.

आता माझं मत. त्या ऑफिसातले दोन्ही गट 'शिक्षा' आणि 'दंड' हे शब्द वापरतात, आणि बायआउटच्या बाबतीत दोघंही चुकतात. वाइल्डच्या कॅपवर गेली काही वर्षं जो आकडा बसला होता, ती त्यांनीच आधी उचललेली उसनवारी होती. हे मी वाइल्डच्याच आकड्यांवरून दाखवतो. दंड म्हणावा असा एक नियम आहे खरा, पण तो वेगळा, आणि त्याचा फटका दुसऱ्यांना बसला.

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम लॉकआउटमध्ये, म्हणजे मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीत, गेला. एकही सामना झाला नाही, स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, कुणालाच मिळाला नाही. त्यातून सॅलरी कॅप जन्माला आली. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाची मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती. मर्यादेत खेळाडूचा कोणता आकडा मोजायचा? त्या वर्षी हातात पडलेला पगार मोजायचा नाही, कराराची सरासरी मोजायची, असं ठरलं. एकूण रक्कम भागिले वर्षं, हा झाला कॅप हिट. दहा वर्षांत सहा कोटी द्यायचे असतील तर दर वर्षी कॅपवर साठ लाख, मग प्रत्यक्षात पहिल्या वर्षी एक कोटी दिले असोत की शेवटच्या वर्षी पाच लाख.

ही फट जनरल मॅनेजरांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. पगार सगळा पुढच्या वर्षांत भरायचा आणि शेपटाला चार-पाच वर्षं अगदी किरकोळ रकमेची जोडायची. भाजक वाढला की सरासरी खाली येते. खेळाडूला पैसे लवकर मिळतात, संघाला कॅपवर जागा मिळते, आणि ती शेवटची वर्षं तो खेळणार नाही हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं. कुणी ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

याची हद्द झाली जुलै २०१० मध्ये. न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवाल्चुकला सतरा वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांत होते आणि शेवटची पाच वर्षं प्रत्येकी साडेपाच लाखांची. करार संपताना कोवाल्चुक ४४ वर्षांचा होणार होता. लीगने करार फेटाळला, लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगची बाजू उचलून धरली, आणि मग पंधरा वर्षांचा, दहा कोटींचा सुधारित करार झाला. डेव्हिल्सना रोख दंड झाला, शिवाय ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या, संधी गेल्या. यातला काही भाग लीगने २०१४ मध्ये सौम्य केला, ते अलाहिदा.

वाइल्डचे करार याच काळातले. ४ जुलै २०१२ या एका दिवशी दोन्ही जाहीर झाले, आणि दोघांचे आकडे सेंटासेंटापर्यंत सारखे: तेरा वर्षं, ९ कोटी ८० लाख, कॅप हिट ७५ लाख ३८ हजार. दोघं २७ वर्षांचे होते. पारीझे मिनेसोटाचाच मुलगा, त्याचे वडील जे. पी. पारीझे जुन्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्सकडून खेळलेले. त्या दिवशी सेंट पॉलमध्ये 'हा करार जास्त लांब आहे' म्हणणारा चाहता मिळणं अवघड होतं. आज ऑफिसात शिक्षेची भाषा बोलणाऱ्यांनी तो दिवस आठवून पाहावा. मालक क्रेग लायपोल्ड यांनी हे करार केले आणि त्यानंतर अडीच महिन्यांत मालकांच्या संघटनेने असल्याच करारांना आळा घालायला हवा म्हणून लॉकआउट पुकारला, ही गंमतही विसरू नये.

आता वही उघडू. प्रत्येकाचा पगार वर्षावार असा होता: बारा, बारा आणि अकरा दशलक्ष, मग पाच वर्षं नऊ, एक वर्ष आठ, मग सहा, दोन, एक आणि एक. पहिल्या नऊ वर्षांची बेरीज ८ कोटी ८० लाख. याच नऊ वर्षांत कॅपवर लागले नऊ गुणिले ७५ लाख ३८ हजार, म्हणजे सुमारे ६ कोटी ७८ लाख. फरक माणशी दोन कोटींहून थोडा जास्त. दोघांचा मिळून चार कोटी. म्हणजे नऊ वर्षं वाइल्डने दर वर्षी सुमारे ४५ लाखांची जागा कॅपवर न दाखवता वापरली. २०१३-१४ मध्ये अख्खी कॅपच ६ कोटी ४३ लाख होती, तेव्हा ४५ लाखांत एक चांगला बचावपटू येत होता.

जुलै २०२१ मध्ये जनरल मॅनेजर बिल गेरिन यांनी दोघांनाही एकाच दिवशी बायआउट दिला. चार वर्षं उरली होती. नियम असा: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम द्यायची, आणि ती उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात वाटायची. २६ च्या आतला असेल तर एक-तृतीयांश. उरलेला पगार सहा, दोन, एक, एक मिळून एक कोटी. त्याचे दोन-तृतीयांश ६६ लाख ६७ हजार. आठ वर्षांत वाटले की दर वर्षी ८ लाख ३३ हजार. इतकं स्वस्त? खिशातून जाणारी रक्कम खरंच इतकीच आहे. कॅपवरचा आकडा मात्र वेगळ्या रीतीने निघतो. मूळ कॅप हिट घ्यायचा आणि त्या वर्षी पगारात जेवढी बचत झाली तेवढीच त्यातून वजा करायची.

पहिल्या वर्षी पगार साठ लाख होता आणि दिले ८ लाख ३३ हजार. बचत ५१ लाख ६७ हजार. ती ७५ लाख ३८ हजारांतून काढली की उरतात २३ लाख ७२ हजार. दुसऱ्या वर्षी पगारच वीस लाख, बचत ११ लाख ६७ हजार, कॅपवर ६३ लाख ७२ हजार. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पगार दहा लाख, बचत फक्त १ लाख ६७ हजार, आणि कॅपवर ७३ लाख ७२ हजार. दोघांचे मिळून २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये दर वर्षी १ कोटी ४७ लाख. २०२३-२४ ची मर्यादा ८ कोटी ३५ लाख होती. सहाव्या हिश्शाहून जास्त जागा अशा दोन माणसांवर गेली, जे त्यांच्या लॉकर रूममध्ये नव्हते. त्यानंतरची चार वर्षं, २०२८-२९ पर्यंत, दोघांचे मिळून साडेसोळा लाखांच्या आसपास.

आता बेरीज करा, कारण सगळा वाद इथे मिटतो. नऊ वर्षांचे ६ कोटी ७८ लाख आणि बायआउटनंतरच्या आठ वर्षांचे सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे माणशी जवळपास ९ कोटी ४७ लाख कॅपवर लागले. आणि खेळाडूच्या हातात पडले किती? नऊ वर्षांचे ८ कोटी ८० लाख अधिक बायआउटचे ६६ लाख ६७ हजार. ९ कोटी ४७ लाख. तोच आकडा. हा योगायोग नाही, सूत्रच तसं रचलं आहे. जेवढे डॉलर दिले तेवढे कधी ना कधी कॅपवर मोजले गेलेच पाहिजेत, एक डॉलर कमी नाही की जास्त नाही. दंडाचा एक पैसाही यात नाही. आधी कमी मोजले, म्हणून नंतर जास्त मोजावे लागले.

म्हणून संघात नसलेल्या खेळाडूच्या कॅपवरच्या आकड्याला 'डेड मनी' हा शब्द चाहते वापरतात तेव्हा मला तो अर्धाच पटतो. २०२३-२४ मधला तो दीड कोटी २०१३ ते २०१८ या काळात जिवंत होता. त्या काळात वाइल्डने सलग सहा वेळा प्लेऑफ गाठली. दुसऱ्या फेरीच्या पुढे मजल गेली नाही हे खरं, पण दोष द्यायचा तर तिथे द्या.

ऑफिसातल्या चर्चेत आणखी एक मुद्दा येणारच: 'बायआउट दिला नसता आणि हे दोघं निवृत्त झाले असते तर रिकॅप्चरने संघ बुडाला असता.' हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा हिशोबही करून टाकू. रिकॅप्चर हा लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०१३ च्या सामूहिक करारातला नियम. जुन्या लांब कराराचा खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर संघाने तोवर कॅपवर जितका फायदा घेतला तितका उरलेल्या वर्षांत विभागून कॅपवर परत भरायचा. समजा सूटर दोन वर्षं उरलेली असताना निवृत्त झाला असता. तोवर पगार गेला असता ९ कोटी ६० लाख, कॅपवर लागले असते ८ कोटी २९ लाख. फरक १ कोटी ३१ लाख, दोन वर्षांत विभागला की वर्षाला ६५ लाख ३८ हजार. बायआउटमध्ये त्याच दोन वर्षांत लागले ७३ लाख ७२ हजार. म्हणजे ज्या रिकॅप्चरची भीती घातली जाते ते त्या दोन वर्षांपुरतं बायआउटपेक्षा स्वस्त पडलं असतं! कारण साधं आहे. शेपटातल्या वर्षांचा पगारच दहा लाख होता. तो वाचवा नाहीतर न वाचवा, कॅपवरचे ६५ लाख कोणत्याच वाटेने हटणारे नव्हते.

मग गेरिननी असं का केलं? एक तर निवृत्ती खेळाडूच्या हातात असते, संघाच्या नाही. दोघंही आणखी खेळायला तयार होते, आणि पुढे खेळलेही. पारीझे न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेला. सूटरला डॅलस स्टार्सने चार वर्षांचा करार दिला आणि २०२४ मध्ये त्यांनीही त्याला बायआउट दिला, त्यामुळे २०२४-२५ मध्ये एकाच माणसाची शिल्लक दोन संघांच्या कॅपवर होती आणि तो स्वतः तिसऱ्याच, सेंट लुईसच्या, गणवेशात खेळत होता. दुसरं कारण सिएटल क्रॅकनचं. या नव्या संघासाठी २१ जुलै २०२१ ला विस्तार ड्राफ्ट होता, म्हणजे इतर संघांनी संरक्षित यादीत न ठेवलेल्या खेळाडूंतून तो निवड करणार होता. दोघांच्या करारात हलवण्यास मनाई करणारं कलम होतं, त्यामुळे संरक्षित यादीतल्या दोन जागा त्यांना सक्तीने द्याव्या लागल्या असत्या. ते कलम ट्रेड अडवतं, बायआउट अडवत नाही. तिसरं कारण पहिल्या वर्षाची सवलत. दोघांत मिळून २०२१-२२ मध्ये एक कोटीहून जास्त जागा मोकळी झाली, आणि त्याच सप्टेंबरात किरिल कप्रिझोव्हचा पाच वर्षांचा, साडेचार कोटींचा करार झाला. त्या हंगामात वाइल्डने ११३ गुण मिळवले. पुढच्याच उन्हाळ्यात बिल आलं: केव्हिन फियालाला पैसे देता येईनात म्हणून त्याला लॉस एंजेलिसला पाठवावं लागलं. बदल्यात मिळालेल्यांत बचावपटू ब्रॉक फेबर होता, त्यामुळे जखम तशी लवकर भरली.

यात नशिबाचा एक भाग होता, तो चाहत्यांच्या वादात कुणी काढत नाही. शेपूट लांबवण्यामागचा खरा जुगार कॅप वाढत राहील यावर असतो. २०१३ मध्ये वापरलेले माणशी २२ लाख २०२३ मध्ये परत करायचे, तेव्हा मर्यादाच इतकी वाढलेली असेल की ते जाणवणार नाहीत, असा तो विचार. तो चुकीचा नव्हता. पण कोविड आला आणि मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम गोठली, नंतरही दोन वर्षं वर्षाला दहा लाखांनी सरकली. परतफेडीची सगळ्यात जड वर्षं नेमकी त्या गोठलेल्या काळाच्या शेपटाला आली. २०२५-२६ ला मर्यादा ९ कोटी ५५ लाखांवर गेली, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख जाहीर झाली आहे. हेच ओझं चार वर्षं उशिरा आलं असतं तर तुमच्या ऑफिसात वादच झाला नसता.

आता दुसऱ्या गटाचा मुद्दा. करार मंजूर करायचा आणि नंतर नियम बदलून त्याच कराराची फी लावायची, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण ती पारीझे-सूटरच्या बायआउटला लागू होत नाही, कारण बायआउटचं ते सूत्र सगळ्यांनाच लागू आहे. ती लागू होते व्हँकुव्हर कनक्सना. त्यांनी २००९ मध्ये गोलरक्षक रोबेर्तो लुओंगोला बारा वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार दिला. पहिल्या वर्षी एक कोटी, शेवटच्या दोन वर्षी दहा-दहा लाख. लीगने तो नोंदवून घेतला. २०१३ मध्ये रिकॅप्चरचा नियम आला आणि मागे जाऊन सगळ्या जुन्या करारांना लागला. करार दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालता येईना म्हणून २०१३ च्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, खुद्द लुओंगोने पत्रकारांपुढे आपला करारच भिकार असल्याचं सांगून टाकलं होतं. पुढच्या मार्चमध्ये व्हँकुव्हरने पगाराचा १५ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवून त्याला फ्लोरिडाला पाठवलं. तो पाच वर्षं तिथे खेळला, २०१९ मध्ये निवृत्त झाला, आणि व्हँकुव्हरला तीन हंगाम दर वर्षी तीस लाखांहून जास्त कॅपवर भरावे लागले. फ्लोरिडाला सुमारे अकरा लाख. ज्या माणसाच्या निवृत्तीवर तुमचा काही अधिकार नाही, जो पाच वर्षं दुसऱ्याच्या गोलसमोर उभा आहे, त्याच्या निर्णयाने तुमची कॅप कापली जाते. याला मी दंड म्हणतो, आणि मागे जाऊन लावलेला दंड म्हणतो.

विरोधाभास पाहा. ज्या कोवाल्चुकमुळे एवढं रामायण घडलं तो २०१३ मध्येच, बारा वर्षं आणि ७ कोटी ७० लाख सोडून रशियाला निघून गेला. तीन वर्षांत त्याला २ कोटी ३० लाख मिळाले होते आणि कॅपवर २ कोटी लागले होते. फरक तीस लाख, बारा वर्षांत विभागला, म्हणजे डेव्हिल्सना वर्षाला अडीच लाख. चिल्लर. बदनाम कराराला सगळ्यात हलका रिकॅप्चर, कारण मोठे पगार येण्याआधीच माणूस गेला.

आणि दुसऱ्या टोकाला नॅशव्हिलचा बचावपटू शे वेबर. फिलाडेल्फियाने २०१२ मध्ये त्याला चौदा वर्षांची, ११ कोटींची ऑफर शीट, म्हणजे दुसऱ्या संघाच्या खेळाडूला देता येणारा कराराचा प्रस्ताव, दिली. नॅशव्हिलला ती स्वीकारून आपला खेळाडू राखायचा तर तोच करार मान्य करणं भाग होतं. पहिली चार वर्षं प्रत्येकी १ कोटी ४० लाख. नॅशव्हिलने ते भरले आणि २०१६ मध्ये त्याला पी. के. सुब्बानच्या बदल्यात मॉन्ट्रियलला दिलं. त्यांच्या वहीत २ कोटी ४५ लाखांहून जास्त फायदा अडकून पडला. वेबर एक वर्ष उरलेलं असताना निवृत्त झाला असता तर ती सगळी रक्कम एकाच हंगामात नॅशव्हिलवर कोसळली असती, म्हणजे अख्ख्या कॅपचा चौथा हिस्सा, तोही प्रतिस्पर्ध्याने लिहिलेल्या करारापायी. २०२० मध्ये नियमाला लगाम लावला: एका वर्षाचा रिकॅप्चर खेळाडूच्या कॅप हिटपेक्षा जास्त नको, उरलेलं पुढच्या वर्षांवर ढकला. नियम लिहिताना ही शक्यता कुणाला दिसली नव्हती, यावर माझा विश्वास बसत नाही.

वेबर निवृत्त झालाच नाही. शरीराने साथ सोडल्यामुळे २०२१ च्या स्टॅनली कप फायनलनंतर तो खेळला नाही, पण करार दीर्घकालीन दुखापतीच्या यादीवर जिवंत राहिला आणि एका संघाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. आधी व्हेगास, मग ॲरिझोना. २०२४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हाही कागदावर तो पगारी खेळाडू होता. इथे एक गैरसमज दूर करतो: दुखापतीच्या यादीने कॅप हिट पुसला जात नाही, तेवढी रक्कम मर्यादेच्या वर खर्च करायला परवानगी मिळते. मर्यादेच्या खाली असलेल्या संघाला तिचा काही उपयोग नाही. असे करार गरीब संघांकडे जायचे त्याचं कारण वेगळं: त्यांना किमान खर्चाची पातळी गाठायची असायची, आणि विमा पगाराचा मोठा भाग भरत असेल तर कॅपवरचा आकडा जवळपास फुकट मिळायचा.

खरी माफीही लीगने दिली होती. २०१३ आणि २०१४ च्या उन्हाळ्यांत प्रत्येक संघाला मिळून दोन बायआउट असे मिळाले, ज्यांचा कॅपवर शून्य परिणाम. आयलंडर्सनी गोलरक्षक रिक डिपिएट्रोचा पंधरा वर्षांचा करार याच खिडकीतून बाहेर टाकला. त्याला २०२९ पर्यंत वर्षाला पंधरा लाख डॉलर मिळत आहेत, पण कॅपवर काही नाही. टॅम्पाने व्हिन्सेंट लकॅव्हलिये आणि फिलाडेल्फियाने इल्या ब्रिझगालोव्ह असेच सोडले. वाइल्डने तेव्हाच पारीझे-सूटरना का सोडलं नाही, असं कुणी विचारलं तर त्याला २०१४ चे आकडे दाखवा. दोघं ऐन भरात होते. चांगला खेळणारा माणूस माफीची खिडकी उघडी आहे म्हणून कुणी फेकत नाही.

आज लांब करारांबद्दल ओरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: लांबी आता तेवढी धोक्याची राहिलेली नाही. २०१३ पासून स्वतःच्या खेळाडूला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षांची कमाल मुदत आली, पगाराच्या चढउताराला मर्यादा आल्या, सगळ्यात कमी वर्ष सगळ्यात जास्त वर्षाच्या निम्म्याखाली जाऊ शकत नाही असं ठरलं. सप्टेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या सामूहिक करारात ती मुदत सात आणि सहावर येते. शेपटाचा खेळ संपला आहे. आता फास असतो साइनिंग बोनसमध्ये, म्हणजे करारात मूळ पगारापासून वेगळ्या दाखवलेल्या रकमेत, आणि तो आमच्यासारखी एजंटांकडची माणसंच विणतात.

बायआउटचे दोन-तृतीयांश फक्त मूळ पगाराला लागतात. बोनस पूर्ण द्यावा लागतो आणि कॅपवरही पूर्ण राहतो. कल्पित उदाहरण घ्या. दोन वर्षं उरली आहेत, कॅप हिट ऐंशी लाख, आणि सगळी रक्कम मूळ पगारात आहे. बायआउट दिला तर चार वर्षं प्रत्येकी २६ लाख ६७ हजार, म्हणजे जाचक पण सोसण्यासारखं. आता तोच ऐंशी लाखांचा करार सत्तर लाख बोनस आणि दहा लाख पगार असा बांधा. बायआउटनंतर पहिली दोन वर्षं कॅपवर राहतात प्रत्येकी ७३ लाख ३३ हजार. संघाने माणूस घालवला आणि जागा मिळाली वर्षाला साडेसहा लाखांची. असा करार कुणी बायआउट करत नाही, म्हणून त्याला बायआउट-प्रूफ म्हणतात. आमच्या बाजूने टेबलावर बसताना एकूण रकमेइतकीच झटापट या विभागणीवर होते, आणि वर्तमानपत्रात ती कधी येत नाही. तिथे फक्त वर्षं आणि एकूण रक्कम छापली जाते.

बायआउट कधी शहाणपणाचा असतो हेही विचाराल. व्हँकुव्हरने २०२३ मध्ये बचावपटू ऑलिव्हर एकमन-लार्सनला चार वर्षं उरलेली असताना सोडलं. पहिल्या वर्षी कॅपवर दीड लाखसुद्धा नाही. दुसऱ्या वर्षी साडेतेवीस लाख, मग दोन वर्षं प्रत्येकी ४७ लाख ६७ हजार, आणि त्यापुढे २०३०-३१ पर्यंत २१ लाख. तो फ्लोरिडाला साडेबावीस लाखांत गेला आणि २०२४ मध्ये स्टॅनली कप जिंकला. ७२ लाखांच्या कॅप हिटवर त्याला 'संपलेला' म्हणत होते, साडेबावीस लाखांत तोच फायद्याचा सौदा ठरला. खेळाडू एका वर्षात बदलला नाही, त्याच्यापुढचा आकडा बदलला. तरीही व्हँकुव्हरचा निर्णय मला समजतो. पहिल्या वर्षाची मोकळी जागा त्यांना तेव्हाच हवी होती, आणि २०३१ ची काळजी बहुधा दुसराच जनरल मॅनेजर करणार होता. बायआउटच्या निर्णयामागे हे दुसरं कारण किती वेळा असतं, ते तुम्हीच ताडा.

राहता राहिला कप्रिझोव्ह. सप्टेंबर २०२५ मध्ये वाइल्डने त्याला आठ वर्षांचा, १३ कोटी ६० लाखांचा करार दिला, कॅप हिट १ कोटी ७० लाख, २०२६-२७ पासून. पारीझे आणि सूटर यांच्या दोन कॅप हिटची बेरीज दीड कोटी होती, हा एकटा त्याहून जास्त. ऑफिसात 'पुन्हा तेच केलं' असा सूर निघालाच असेल. तेच केलेलं नाही. या करारात दहा-दहा लाखांची शेवटची वर्षं बसवता येत नाहीत, रक्कम जिथे द्यायची तिथेच बऱ्यापैकी मोजली जाते, आणि कॅप वर जाते आहे. धोका आहे तो वयाचा: करार संपेल तेव्हा तो ३७ वर्षांचा असेल. पुढच्या वेळी वाद निघाला की सहकाऱ्यांना एकच विचारा: यातलं मूळ वेतन किती आणि बोनस किती, वर्षावार सांगा. उत्तर देता आलं नाही तर त्यांनी अजून करार वाचलेला नाही.